डिस्क ब्रेक बसवलेली जुनी गाडी गरम झाली की आपोआप धरते? निपल उघडण्याआधी हे तपासा

तक्रार साधारण अशी असते. जुन्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक बसवून घेतले. पहिले सात-आठ किलोमीटर गाडी छान, सरळ थांबते. मग पेडल हळूहळू वर येतं आणि कडक होतं. गाडी ओढेनाशी होते, पुढच्या चाकांतून जळका वास येतो. बाजूला घेऊन वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की ब्रेक सुटतो आणि गाडी नेहमीसारखी चालू लागते. गॅरेजला पोचेपर्यंत ती गार झालेली असते. मेस्त्री निपल (ब्रेकमधली हवा काढायचा चाकाजवळचा छोटा स्क्रू) उघडून हवा काढून देतो आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तेच होतं.

माझ्या १९८६च्या प्रीमियर पद्मिनीने सात महिन्यांत पाच वेळा हे केलं. दोनदा ठाण्याजवळच्या गायमुखच्या घाटात, दोनदा माजिवड्याच्या पुलाखालच्या कोंडीत आणि एकदा कळव्याच्या पुलावर, तेही मागे आई बसलेली असताना. शेवटी कारण सापडलं ते एका मिलिमीटरहूनही कमी फरकात. शोध इतका लांबला, कारण आम्ही प्रत्येक वेळी गार गाडी तपासत होतो, तीही इंजिन बंद ठेवून. माझी सगळ्यात कळकळीची विनंती हीच आहे की ब्रेक धरलेला असताना, गाडी गरम असताना, कोंडलेला दाब सोडून देण्याआधी तपासा. निपल उघडलं की दाब जातो आणि त्याच्याबरोबर पुरावाही जातो.

ब्रेक का बदलले, आणि पहिली चूक

गाडी बाबांची. चारही चाकांना ड्रम. नौपाड्यात राहणाऱ्यांना पावसाळ्यात वंदना टॉकीजपाशी तुंबणारं पाणी माहीत आहे. त्या पाण्यातून गाडी काढली की ड्रममधले लायनर भिजायचे आणि पुढचे दोन-तीन ब्रेक लागायचेच नाहीत. पुढे ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली आणि व्हील सिलिंडरचं (ड्रममधले लायनर ढकलणाऱ्या भागाचं) किट शोधायला मला आणखी वणवण करावी लागली. म्हणून पुढच्या दोन चाकांना डिस्क बसवायचं ठरवलं. वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्याकडून हब घासून घेतले, १० मिलिमीटर जाडीच्या प्लेटचे ब्रॅकेट केले, डिस्क आणि कॅलिपर (डिस्कला पॅडने दोन्ही बाजूंनी पकडणारा भाग) एका छोट्या हॅचबॅकचे घेतले. मागे ड्रमच ठेवले.

खर्च वाचवायला मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलणारा भाग, जुनाच ठेवला होता. हे कोणीही करू नये. ड्रमसाठी केलेल्या बऱ्याच जुन्या मास्टर सिलिंडरांच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पेडल सोडल्यावरही तो लाइनमध्ये (ब्रेक ऑइलच्या पाइपांत) साधारण १० पीएसआय दाब धरून ठेवतो. ड्रमला तो लागतो. त्या दाबाने व्हील सिलिंडरच्या रबरी वाट्यांच्या कडा भिंतीला चिकटून राहतात आणि हवा आत शिरत नाही. लायनर मागे ओढायला ड्रममध्ये दणकट स्प्रिंग असतात, त्यामुळे एवढ्या दाबाने काही बिघडत नाही.

कॅलिपरमध्ये स्प्रिंग नाही. पिस्टनभोवतीचं चौकोनी काटाचं रबरी सील दाबाने किंचित पिळलं जातं आणि दाब गेला की पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे घेतं. पॅड सुटण्याची एवढीच सोय. आता हिशोब करा. माझ्या कॅलिपरचा पिस्टन ४८ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे १८१० चौरस मिलिमीटर. त्यावर १० पीएसआय म्हणजे बारा-तेरा किलोचा जोर. ब्रेक न लावता प्रत्येक पिस्टनवर एवढा जोर दिवसभर.

हे ओळखणं सोपं आहे. गार गाडीचं पुढचं चाक जॅकवर उचला, एकाने पेडल दाबून सोडावं, दुसऱ्याने चाक फिरवावं. पॅड किंचित घासल्याचा आवाज आला तर चालेल, पण चाक एका हाताने सहज फिरायला हवं. माझं दोन हातांनी फिरत होतं.

मग त्याच हॅचबॅकचा दुहेरी मास्टर सिलिंडर घेतला. डिस्कला ड्रमसारखी स्वतःहून आवळत जाण्याची खुबी नसते, पेडल जड लागतं, म्हणून बूस्टरही (इंजिनच्या व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा) बसवला. बूस्टर मात्र वेगळ्या गाडीचा मिळाला, आणि बूस्टरमधून मास्टर सिलिंडरला ढकलणाऱ्या पुशरॉडचं टोक लेथवर नवीन करून घेतलं. चाकं मोकळी फिरायला लागली. आम्ही निश्चिंत झालो. खरा त्रास त्यानंतर सुरू झाला.

आधी नोंदी ठेवा

तिसऱ्यांदा गाडी धरल्यावर मी वही केली. किती किलोमीटर झाले, कुठे, किती वेळा ब्रेक मारला, कुठलं चाक गरम. या वहीनेच दिशा दाखवली.

पाम बीच रोडवर वाशी ते बेलापूर जाऊन परत आलो तरी कधीच काही झालं नाही. घोडबंदर रोडला मात्र कासारवडवलीच्या पुढे गेलो की धाकधूक. अंतर सारखंच, फरक ब्रेकच्या संख्येचा. माणसांसकट ११०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून एकदा थांबवली की सुमारे १५० किलोज्यूल उष्णता तयार होते, जी एक लिटर पाणी ३६ अंशांनी तापवेल. कोंडीत वेग कमी असतो, पण ब्रेक शेकडो वेळा लागतो आणि वारा लागत नाही.

दुसरी नोंद त्याहून मोलाची. पुढची दोन्ही चाकं सारखीच गरम होत होती. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, मात्र तापाचा नको, ३००-४०० अंशांपर्यंत मोजणारा घ्या. माझ्या नोंदीत उजवी डिस्क २१२, डावी २०५, मागचे ड्रम साठीच्या आसपास. एकच चाक तापलं असतं तर दोष त्या चाकाशी असता, म्हणजे त्याचा होज (कॅलिपरकडे ऑइल नेणारा रबरी पाइप), कॅलिपर सरकायच्या पिन किंवा पिस्टन. दोन्ही सारखी तापली तर कारण बहुतेक वेळा वर असतं, मास्टर सिलिंडर आणि पेडलच्या मध्ये कुठेतरी. एवढ्या एका मोजमापाने अर्धी गाडी संशयातून बाहेर पडते.

तिसरी गोष्ट माझ्या भाच्याने सांगितली. तो बाइकवर मागून येत होता. म्हणाला, "मामा, मानपाड्यापासून तुझे ब्रेक लाइट विझलेच नाहीत." माझ्या गाडीत ब्रेक लाइटचा स्विच पेडलवर नाही, ब्रेकच्या लाइनवर आहे आणि ऑइलच्या दाबावर चालतो. पेडलवर पाय नसताना दिवा जळतोय याचा अर्थ लाइनमध्ये भरपूर दाब कोंडलाय. पॅड अडकले असते किंवा पिन गंजल्या असत्या तर दिवा विझला असता. तुमच्या गाडीत स्विच पेडलवर असेल तर दिवा हे सांगणार नाही, पण पेडल पूर्ण वर येत नसल्याचं तरी दाखवेल.

ब्रेक धरला की तिथेच, वरून खाली

गाडी सुरक्षित जागी, सपाटीवर घ्या. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, कारण तपासताना ब्रेक अचानक सुटतो. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते किंवा तडकते. डोळ्यांना चष्मा, हातात जाड फडकं. आपल्याकडे पाच-सात मिनिटंच असतात, म्हणून पाने आधीपासून गाडीत ठेवा.

मेस्त्री सुरुवात निपलपासून करतात, कारण हात तिथे सहज पोचतो. निपल उघडून ब्रेक सुटला तर दाब होता एवढंच कळतं, आणि ते आपल्याला आधीच माहीत असतं. दाब कुठे अडला होता ते आता कधीच कळणार नाही. म्हणून क्रम उलटा ठेवायचा.

सगळ्यात आधी पायाचा अंगठा पेडलखाली घालून ते वर ओढा. ब्रेक सुटला तर पेडलची स्प्रिंग ढिली आहे किंवा पेडलचा बुश धरतोय.

नाही सुटला तर इंजिन बंद करा आणि पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेल. एका मिनिटात पेडल सैल होऊन ब्रेक सुटला तर संशय बूस्टर आणि पुशरॉड या जोडीवर. याच पायरीवर मी फसलो, ते पुढे सांगतो.

तरीही धरलेलाच असेल तर मास्टर सिलिंडर बूस्टरवर धरणारे दोन नट तीन-चार आटे सैल करा आणि मास्टर सिलिंडर दोन मिलिमीटर पुढे ओढा. ब्रेक सुटला तर पुशरॉड लांब आहे, यात शंका ठेवायला जागा नाही.

त्यानंतर मास्टर सिलिंडरमधून पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या पाइपचा नट अर्धा आटा सैल करा, खाली फडकं धरून. ऑइल जोरात आलं आणि चाकं सुटली तर दाब मास्टर सिलिंडरच्या आत कोंडला होता. ऑइल जेमतेम ओघळलं आणि चाकं घट्टच राहिली तर दाब त्याच्या खाली आहे. आता, आणि आताच, कॅलिपरचं निपल उघडा. तिथून ऑइल उडालं आणि चाक सुटलं तर होज पाइप आतून फुगून बंद झालाय. पायाच्या जोराने ऑइल त्यातून पुढे जातं, पण परत येत नाही. बाहेरून असा होज नवा दिसतो, कापल्याशिवाय कळत नाही. निपल उघडूनही चाक सुटलं नाही तर मात्र दोष दाबाचा नाही. पिन गंजल्यात, पिस्टन अडकलाय किंवा पॅड ब्रॅकेटमध्ये घट्ट बसलेत.

पाइप किंवा निपल उघडलं असेल तर ते आवळा, टाकीतलं ऑइल बघा आणि पेडल घट्ट लागतंय याची खात्री करा. पेडल स्पंजासारखं लागलं तर गाडी टो करून न्या.

माझ्या गाडीत काय होतं

चौथ्या वेळी दुसऱ्या पायरीवर, म्हणजे व्हॅक्यूम संपवल्यावर, ब्रेक सुटला. मी लगेच बूस्टरला दोषी ठरवलं आणि दुसरा आणून बसवला. तीन आठवड्यांनी गाडी पुन्हा धरली, अगदी त्याच पद्धतीने, त्याच पायरीवर सुटली. दोन वेगवेगळ्या बूस्टरना एकच आजार असणं कठीण. दोन्हींत सामाईक होतं ते लेथवर केलेलं पुशरॉडचं टोक.

मास्टर सिलिंडरमध्ये टाकीच्या खाली एक बारीक भोक असतं, सुईच्या टोकाएवढं. पेडल सोडलेलं असताना पिस्टनची रबरी वाटी या भोकाच्या मागे थांबते आणि लाइन टाकीला जोडलेली राहते. ब्रेक गरम होऊन ऑइल फुगलं की जास्तीचं ऑइल इथून टाकीत परत जातं. पिस्टन अर्धा मिलिमीटर जरी पुढे राहिला तरी वाटी हे भोक झाकते. मग फुगलेल्या ऑइलला जायला वाट नाही, ते पॅड दाबतं, पॅड घासून आणखी उष्णता होते, ऑइल आणखी फुगतं. गाडी स्वतःच स्वतःचा ब्रेक आवळत जाते.

हे भोक उघडं आहे का ते बघायची चाचणी साधी आहे. टाकीचं झाकण काढा, कोणीतरी पेडल अगदी हलकं, बोटाने दाबावं. भोक उघडं असेल तर टाकीत ऑइलचं छोटं कारंजं उडतं. मेस्त्रीने ही चाचणी दोनदा केली होती, कारंजं उडालं होतं. "काका, भोक साफ आहे, बिनधास्त चालवा," तो म्हणाला आणि त्याचं निरीक्षण बरोबरच होतं. मात्र तेव्हा इंजिन बंद होतं.

पाचव्यांदा गाडी धरल्यानंतरच्या रविवारी मी तीच चाचणी इंजिन चालू ठेवून केली. कारंजं नाही. पेडल कितीही हळू दाबलं तरी टाकीतलं ऑइल निश्चल. इंजिन बंद करून व्हॅक्यूम संपवला, पुन्हा कारंजं. तीन वेळा करून पाहिलं आणि तिन्ही वेळा हेच. सात महिन्यांचं कोडं दहा मिनिटांत सुटलं.

बूस्टरचं कवच पत्र्याचं असतं. इंजिन चालू झाल्यावर व्हॅक्यूममुळे ते किंचित आत ओढलं जातं आणि पुशरॉड व मास्टर सिलिंडरचा पिस्टन यांच्यातली फट कमी होते. ज्या गाडीचा बूस्टर त्याच गाडीचा मास्टर सिलिंडर असेल तर कंपनीने हे गृहीत धरून मोकळीक ठेवलेली असते. आपण दोन गाड्यांचे भाग जोडतो तेव्हा ती आपल्याला ठेवावी लागते. लेथवाल्याने टोक अगदी बेताचं केलं होतं, इंजिन बंद असताना जेमतेम कागद जाईल एवढी फट. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की इंजिन चालू झाल्यावर ही फट खाल्ली जाते.

फट मोजायला मुलांची खेळायची माती घ्या. मास्टर सिलिंडर काढा, पिस्टनच्या खळग्यात मातीची छोटी गोळी ठेवा, मास्टर सिलिंडर परत लावून नट पूर्ण आवळा आणि पुन्हा काढा. चेपलेल्या मातीची जाडी व्हर्नियरने मोजा, तीच तुमची फट. माझी ०.१ मिलिमीटर निघाली. टोक लेथवर घासून मी ०.७ केली आणि इंजिन चालू ठेवून कारंजं उडतंय हे बघूनच बोनेट लावलं. पेडलचा मोकळा खेळ तीनेक मिलिमीटर वाढला, चालवताना जाणवत नाही. फट हवी म्हणून भरमसाट घासू नका, पेडल खोल जाईल. मास्टर सिलिंडरच्या मागे वायसर घालून फट वाढवण्याचा सल्ला मिळेल. चाचणीपुरतं ठीक, पण काही बूस्टरांत तिथूनच व्हॅक्यूम गळतो.

तुमचं कारण वेगळं निघालं तर

भोक बंद होण्याचं आणखी एक कारण म्हणजे फुगलेली रबरं. टाकीत चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल गेलं की वाट्या फुगतात. टाकीच्या झाकणातलं रबर बघा, ते फुगून बसेनासं झालं असेल तर आतलीही गेली आहेत. टाकीतल्या ऑइलचे चार थेंब पाण्याच्या ग्लासात टाका. नेहमीचं ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, तरंगलं तर भेसळ आहे. सिलिकॉनचं डॉट ५ही तरंगतं, तेही या गाड्यांत मिसळायचं नाही. भेसळ निघाली तर सगळी रबरं आणि होज बदलावे लागतात, नुसतं ऑइल बदलून भागत नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत ते लवकर होतं. डॉट ३चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २०५ अंश, पाणी शोषल्यावर १४०. डॉट ४चा २३० आणि १५५. मी डॉट ४ वापरतो आणि दर पावसाळ्यानंतर बदलतो. पाणी झालेलं ऑइल उकळलं की पेडल थेट खाली जातं, ही धरण्याच्या उलट तक्रार आणि जास्त धोक्याची.

पेडल सतत मऊ राहत असेल आणि कितीही हवा काढून जात नसेल तर निपल कुठे आहे ते बघा. ते कॅलिपरच्या सगळ्यात वरच्या टोकाला हवं. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की ते खाली जातं आणि वर हवा अडकून राहते. पुढचे ब्रेक लागायच्या आधी मागची चाकं घसरत असतील तर मागच्या लाइनला दाब कमी करणारा, हाताने जुळवता येणारा व्हॉल्व्ह लावावा लागेल, आणि तो मोकळ्या जागेत, ओल्या रस्त्यावर, कमी वेगात जुळवावा.

एक कागदोपत्री गोष्ट. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२मध्ये नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या बदलांवर बंधन आहे. त्यामुळे काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून, उत्तर लेखी घ्या.

टोक घासल्यानंतर मी गाडी मुद्दाम वाईट वेळी काढली. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता तीन हात नाक्यावरून घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत आणि परत, एक तास पन्नास मिनिटं. घरी आल्यावर उजवी डिस्क ११८, डावी १२१. ब्रेक लाइट विझलेला आणि चाक एका हाताने फिरणारं. त्याला आता अकरा महिने झाले. जूनमध्ये गाडी दोन दिवस उभी राहिली की सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला डिस्कवरचा गंज खरवडल्याचा आवाज येतो आणि कोपऱ्यावरच्या वळणापर्यंत थांबतो. तेवढ्यासाठी काही उघडायची गरज नाही.